स्वर फुटतो, म्हणून हॉर्न बदलावा का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मी मूळची मिरजेची. गेली अकरा वर्षे फ्रँकफर्टजवळ राहते आणि पाच वर्षांपासून फ्रेंच हॉर्न शिकते. इथल्या एका हौशी वाद्यवृंदात मला चौथ्या हॉर्नवर बसवले आहे. माझे डबल हॉर्न जुने, वापरलेले घेतलेले आहे. वरच्या स्वरांत माझा आवाज वारंवार फुटतो. मागच्या तालमीत अगदी शांत जागी असा फुटला की कंडक्टरांनी छडी खाली ठेवली. शेजारचे सहकारी म्हणतात, माइन्झला जाऊन अलेक्झांडर कारखान्याचे नवे हॉर्न घे. पैसे साठवले आहेत, पण ते घरासाठी आहेत. शिवाय दुसरा व्हॉल्व्ह, म्हणजे कळ दाबली की हवेची वाट बदलणारी झडप, अडकतो. तेल घातले की मोकळा होतो आणि दोन दिवसांत पुन्हा जड. वसंतात एका घरगुती मैफलीत मोझार्टचा तिसरा कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) वाजवावा असे मनात आहे. पाच वर्षांनंतरही चौथाच हॉर्न, म्हणजे मला काही येत नाही असे समजावे का? आई गाते, तिची पट्टी काळी पाच. फोनवर ऐकून ती म्हणते, "तुझा सूर लागतो, पण उशिरा लागतो."

स. न. वि. वि.

आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य मी आधी वाचायला हवे होते, कारण बाकी सगळ्या प्रश्नांचे उत्तर आपल्या मातोश्रींनी एका ओळीत देऊन टाकले आहे. नवे हॉर्न आत्ता घेऊ नका. व्हॉल्व्हचा दोष खरा आहे आणि तो दुरुस्त करायलाच हवा. परंतु फुटणारा स्वर आणि अडकणारा व्हॉल्व्ह ही दोन स्वतंत्र दुखणी आहेत, आणि आपण त्या दोघांची मोळी बांधून तिच्यावर नव्या वाद्याचा उतारा शोधता आहात.

स्वर का फुटतो, ते मिरजेच्या माणसाला समजावून सांगणे सोपे आहे. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की षड्जाच्या पोटातून गांधार ऐकू येतो. आपल्याकडे त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो त्या तारेचा पाचवा अंश, म्हणजे मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा उपस्वर असतो. हॉर्नमध्ये तारेच्या जागी हवेचा स्तंभ असतो आणि एकही कळ न दाबता केवळ ओठांच्या ताणावर आपण हेच अंश एकेक करून काढत असतो: चौथा षड्ज, पाचवा गांधार, सहावा पंचम, आठवा वरचा षड्ज, नववा रिषभ, दहावा गांधार, बारावा पंचम. मधला सातवा हा कोमल निषादापेक्षाही उतरलेला असतो आणि अकरावा दोन मध्यमांच्या मध्ये कुठेतरी तरंगत राहतो. खाली हे अंश एकमेकांपासून लांब लांब असतात, वर जावे तसे ते दाटीवाटीने बसतात, आणि आठव्याच्या पुढे तर जवळजवळ प्रत्येक पायरीवर एक स्वर उभा असतो. एफ हॉर्नची नळी सुमारे 3.7 मीटर लांब असते, ट्रम्पेटची सुमारे 1.4 मीटर. ट्रम्पेट वाजवणारा नेहमीच्या कामात दुसऱ्यापासून आठव्या अंशापर्यंत फिरतो, तर हॉर्नवादकाचा संसार चौथ्यापासून बाराव्यापर्यंत आणि प्रसंगी सोळाव्यापर्यंत चालतो. त्यामुळे ट्रम्पेटवर ओठ किंचित चुकले तरी शेजारचा अंश दूर असल्यामुळे स्वर सहसा निभावून जातो. हॉर्नवर तेवढ्याच चुकीला दार उघडून शेजारी आत येतो. जर्मन वादक त्याला 'किक्सर' म्हणतात, आणि ज्याच्या वाट्याला किक्सर आला नाही असा हॉर्नवादक मी तरी पाहिलेला नाही.

डबल हॉर्नचा शोध याच अडचणीतून लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एरफुर्ट येथील क्रूस्पे यांच्या कारखान्यात एफ आणि बी-फ्लॅट अशा दोन नळ्या एकाच वाद्यात बसवून अंगठ्याच्या कळीने त्यांची अदलाबदल करण्याची रचना सिद्ध झाली. एफ म्हणजे आपली पांढरी चार आणि बी-फ्लॅट, ज्याला आपल्याकडचे जर्मन सहकारी नुसते 'बे' म्हणतात, ती काळी पाच, म्हणजे नेमकी आपल्या मातोश्रींची पट्टी. काळी पाचची नळी सुमारे 2.8 मीटर, म्हणजे बरीच आखूड, म्हणून तोच स्वर तिथे खालच्या क्रमांकाच्या अंशावर सापडतो. हॉर्नच्या कागदावरचा, पाच रेषांच्या डोक्यावर बसणारा जी घ्या: एफच्या नळीवर तो बारावा अंश असतो, बी-फ्लॅटच्या नळीवर नववा. जागा मोकळी, धोका कमी. सर्वसाधारण रीत अशी की दुसऱ्या रेषेवरील जीच्या वरच्या जी-शार्पपासून पुढे बी-फ्लॅटची बाजू वापरावी. आपण पत्रात अंगठ्याचा उल्लेखच केलेला नाही, त्यामुळे मला शंका येते की आपण वरही एफवरच रेंगाळता. बहुतेक वाद्यांत अंगठ्याची कळ दाबली की बी-फ्लॅट मिळतो, काही उलट बांधलेली असतात. आपले कोणत्या जातीचे आहे ते पाहून घ्या आणि महिनाभर ही रीत काटेकोरपणे पाळा.

एवढे करूनही काही किक्सर उरतीलच, आणि तिथे आईंचे निदान लागू पडते. गायक सूर लावण्यापूर्वी तो मनात ऐकतो. आपण बहुधा आधी फुंकता, आलेला स्वर ऐकता आणि मग ओठांनी तो सरकवून जागेवर आणता; सूर उशिरा लागतो तो असा. संध्याकाळी वीस मिनिटे एवढेच करा. फोनवरचा तंबोरा पांढरी चारमध्ये लावा, हॉर्न एफच्या बाजूला ठेवा आणि एकही कळ दाबू नका. प्रथम षड्ज आपल्या गळ्याला सोयीच्या सप्तकात गा, मग माउथपीस ओठांना लावून, श्वास घेताना तो स्वर मनात धरून ठेवा आणि जिभेने हलकेच सोडा. मग गांधार, मग पंचम, मग वरचा षड्ज, दर वेळी आधी गाऊन. पुढच्या आठवड्यात रिषभ आणि वरचा गांधार घ्या, बाराव्या अंशाच्या पंचमाला महिनाभर हात लावू नका. स्वर फुटला तर तो फुंकून दुरुस्त करायचा नाही. हॉर्न खाली घ्यायचे, पुन्हा गायचे, पुन्हा सोडायचे. पहिले दोन आठवडे हे फार कंटाळवाणे वाटेल. तालमीत मात्र चौथा हॉर्न वाजवताना प्रवेशाआधीच्या विरामात हाच क्रम मनात म्हणता येतो, आणि त्या शांत जागी कंडक्टरांची छडी वरच राहण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

माउथपीस बदलण्याच्या मोहात पडू नका. तो वरच्या ओठावर सुमारे दोन तृतीयांश आणि खालच्यावर एक तृतीयांश बसतो का, हे आरशात एकदा पाहा, आणि उजवा हात बेलमध्ये, म्हणजे हॉर्नच्या रुंद तोंडात, फार आत जात नाही ना, तेही पाहा. हात आत सरकला की स्वर उतरतो, वादक तो ओठांनी चढवू पाहतो आणि ताणलेले ओठ शेजारच्या अंशावर घसरतात.

आता व्हॉल्व्ह. आपण लिहिलेली एक गोष्ट फार मोलाची आहे: तेल घातले की मोकळा, दोन दिवसांत पुन्हा जड. यावरून मला वाटते की आपण स्लाइड, म्हणजे ओढून काढता येणारी वळणदार नळी, काढून तेलाचे थेंब थेट हॉर्नच्या नळीत सोडता. ते थेंब उतरताना नळीच्या भिंतीवरचे घट्ट ग्रीस विरघळवून सोबत नेतात, ते ग्रीस रोटरवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या फिरत्या भागावर, जाऊन बसते, तेल उडाले की मागे चिकटा राहतो, आणि आपण त्यावर पुन्हा तेल घालता. दुखणे औषधानेच वाढत चालले आहे. थेंब बाहेर काढलेल्या स्लाइडच्या वळणात सोडावेत, तिची टोके पुसावीत, ती परत बसवावी आणि मग हॉर्न फिरवून तेल व्हॉल्व्हकडे वाहू द्यावे. रोटरच्या वरच्या झाकणाखाली आणि मागच्या बाजूच्या आसाला जरा दाट तेलाचा एकेक थेंब, कळांच्या सांध्यांना त्याहून दाट. ही तीन तेले वेगळी असतात आणि एकाच बाटलीवर भागवू नये. खोबरेल तर नकोच. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात घरून आणलेले खोबरेल मी एकदा रोटरला लावले होते; ते साधारण 24 अंशांखाली थिजते, आणि गार चर्चमधल्या तालमीत माझे तिन्ही व्हॉल्व्ह तुपासारखे गोठले. मिरजेत कदाचित चालून गेले असते.

तेल घालण्यापूर्वी मात्र दोष कुठे आहे ते ठरवा. आपल्या वाद्याला दोऱ्याची जोडणी असेल तर दुसऱ्या व्हॉल्व्हचा दोरा सोडा आणि रोटर बोटांनी फिरवून पाहा. तो अलगद फिरला तर रोटर निर्दोष आहे आणि खोट कळीच्या सांध्यात किंवा स्प्रिंगमध्ये आहे. अडखळला तर आत मळ किंवा लाळ सुकून जमलेला थर आहे, आणि मग तो कारागिराकडूनच साफ करून घ्यावा. रोटर बाहेर काढण्यासाठी घरात हातोडी शोधू नका. त्याची बैठक मऊ लाकडी हातोडीने ठोकून सुटते हे खरे, पण किती आणि कुठे ठोकायचे हे ज्याला माहीत नाही त्याने पहिला प्रयोग स्वतःच्या वाद्यावर करू नये.

दोरा परत बांधणे मात्र प्रत्येक हॉर्नवादकाला यायलाच हवे, कारण तो नेहमी कार्यक्रमाच्या दिवशी तुटतो. सुमारे 20 सेंटीमीटर पक्का विणलेला दोरा घ्या. मासेमारीचा विणलेला चालतो. एका टोकाला गाठ मारून दुसरे टोक कळीच्या दांडीतल्या मधल्या भोकातून ओवा, गाठ अडकू द्या. दोरा रोटरच्या माथ्यावरच्या गोल भागाला एका बाजूने वळसा घालून त्याच्यावरील छोट्या स्क्रूभोवती न्या, तिथून दुसऱ्या बाजूने वळवून कळीच्या दांडीच्या टोकाशी आणा आणि तिथल्या स्क्रूखाली घट्ट करा. वरून पाहिले की इंग्रजी आठाचा आकडा दिसला पाहिजे, आपला ८ नव्हे. मधला स्क्रू आवळण्याआधी कळ शेजारच्या दोन कळांच्या उंचीला आणून धरा, नाहीतर एक बोट कायम खड्ड्यात पडते. मग रोटरवरचे झाकण उघडून आत पाहा: आसाच्या टोकावरच्या खाचा आणि बाजूच्या चकतीवरच्या खुणा कळ सोडलेली असतानाही आणि दाबलेली असतानाही समोरासमोर यायला हव्यात. त्या जुळत नसतील तर बाजूचे बुचाचे तुकडे झिजलेले आहेत. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो, आणि मग काही स्वर विनाकारण कोंदट व अस्थिर होतात. हे तुकडे अगदी स्वस्तात बदलून मिळतात.

एक चाचणी आणखी करा. एखाद्या व्हॉल्व्हची स्लाइड, कळ न दाबता, थोडी बाहेर ओढा, पूर्ण काढू नका, काही क्षण थांबा आणि मग कळ दाबा. 'टप्' असा खणखणीत आवाज आला तर व्हॉल्व्ह हवा धरून आहे. प्रत्येक व्हॉल्व्हवर हेच करून पाहा. सगळीकडे टप् ऐकू आले तर आपले जुने हॉर्न म्हातारे असले तरी दम टिकवून आहे आणि त्याला सोडून देण्याचे कारण नाही. कुठेच आले नाही तर मात्र सहकाऱ्यांचे म्हणणे विचारात घ्यावे लागेल. एरवी स्लाइड ओढताना कळ दाबायचीच असते, हे लक्षात असू द्या.

स्वच्छतेबद्दल थोडेच लिहितो. वाजवून झाले की सगळ्या नळ्यांतले पाणी फिरवून काढून टाका, ओले वाद्य पेटीत बंद करू नका, आणि महिन्यातून एकदा लीडपाइपमध्ये, म्हणजे माउथपीस बसतो त्या पहिल्या नळीत, कोमट पाणी व लांब ब्रश फिरवा. लीडपाइपवर गुलाबी ठिपके आणि त्यांच्या मध्यात काळा बिंदू दिसला तर पितळेतले जस्त आतून निघून चालले आहे असे समजा आणि ती नळी बदलून घ्या. देवाची भांडी ज्या चिंचेने उजळतात तिचा प्रयोग हॉर्नवर करायचा नाही. वरचा लॅकर जाईल आणि पितळ उघडे पडेल.

चौथ्या हॉर्नचा प्रश्न आपण अपमान म्हणून विचारला आहे, म्हणून जरा सविस्तर. वाद्यवृंदातले चार हॉर्न म्हणजे उतरत्या मानाच्या चार खुर्च्या नव्हेत. ती दोन जोड्यांची परंपरा आहे, नळ्या अजून व्हॉल्व्हशिवाय होत्या त्या काळापासूनची: पहिला व तिसरा वरच्या स्वरांचे, दुसरा व चौथा खालच्या स्वरांचे. चौथ्याला ओठ ढिले सोडून खाली भरदार, सुरात आणि वेळेवर उतरावे लागते, आणि ज्याला वरचे स्वर छान येतात त्याला ते येईलच असे नाही. बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीच्या संथ भागात जो अवघड एकल तुकडा आहे, तो चौथ्या हॉर्नसाठी लिहिलेला आहे. पहिल्या हॉर्नवाल्यांना तो ऐकावा लागतो. मी स्वतः आयुष्यभर दुसरा हॉर्न वाजवत आलो, आणि वरच्या खुर्चीचा हेवा वाटला तो फक्त मधल्या सुट्टीत. जुन्या छापांत बास क्लेफमध्ये, म्हणजे खालच्या स्वरांच्या चिन्हाने लिहिलेल्या जागा एक सप्तक खाली लिहिलेल्या असतात, तेवढे ध्यानात ठेवा. नवख्या चौथ्याची फजिती तिथेच होते.

मोझार्टच्या तिसऱ्या कॉन्चेर्टोबद्दल माझे मत थोडे निराळे आहे. तो, म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या कोशेल यादीतला 447 क्रमांकाचा, ई-फ्लॅटमध्ये आहे. तीन भाग, लांब श्वास, आणि घरगुती मैफलीत ओठ तिसऱ्या भागापर्यंत ताजे राहणे पाच वर्षांच्या अभ्यासावर कठीणच. त्याऐवजी 412 क्रमांकाचा डी मेजरमधला घ्या. त्याला पहिला म्हणतात, प्रत्यक्षात तो चारांतला शेवटचा आहे, 1791 सालचा आणि अपुरा राहिलेला. त्याचा दुसरा भाग मोझार्टच्या मृत्यूनंतर त्याचा शिष्य ज्यूसमायर याने पुरा केला. मोझार्टने हे कॉन्चेर्टो योसेफ लॉइटगेब या मित्रासाठी लिहिले, आणि 1791 मध्ये लॉइटगेब साठीच्या उंबरठ्यावर होता, म्हणून वरच्या टोकाचे स्वर यात कमी आहेत. ही मैत्री तिखट होती: 417 क्रमांकाच्या हस्तलिखितावर मोझार्टने 27 मे 1783 रोजी लिहून ठेवले आहे की, गाढव, बैल आणि खुळा असलेल्या लॉइटगेबची त्याला दया आली. 412च्या अखेरच्या भागातही त्याने एकल ओळीवर इटालियन भाषेत सारखे टोमणे मारले आहेत. आपल्याला सोयीचा पहिला भाग तेवढा वाजवा. मूळ भाग डीमधला असतो, तो एफ हॉर्नवर दीड स्वर खाली वाचावा लागतो. एफसाठी उतरवलेली प्रतही मिळते, पण चौथ्या हॉर्नला असे वाचणे रोजचेच असल्यामुळे मूळ प्रतच घ्या.

त्याच्या जोडीला फ्रेंच संगीतकार सेंट-साँसची एफ मेजरमधली रोमान्स, ओपस 36, ठेवा. छोटी आहे, संथ आहे, पियानोसोबत वाजते आणि एफमध्ये म्हणजे आपल्या रोजच्या पांढरी चारमध्येच आहे. वर जो आधी गाण्याचा सराव सांगितला तो इथे थेट उपयोगी पडतो.

शेजाऱ्यांचे आपण लिहिले नाही, पण फ्लॅटमध्ये राहता म्हणून सांगून ठेवतो. 2018 मध्ये कार्ल्सरूह येथील संघीय न्यायालयाने एका ट्रम्पेटवादकाच्या प्रकरणात घरात वाजवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही असे म्हटले, आणि कामाच्या दिवशी दोन ते तीन तास, रविवारी व सुट्टीला एक ते दोन तास अशी ढोबळ मर्यादा सांगितली, विश्रांतीच्या वेळा सांभाळून. आपली वीस मिनिटे त्यात आरामात बसतात.

आणि माइन्झ. अलेक्झांडर यांचा कारखाना 1782 पासूनचा आणि त्यांचे 103 हे मॉडेल विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून चालत आले आहे. आपल्यापासून ते जवळ आहे, ते कुठे जात नाही. डेनिस ब्रेन या इंग्रज वादकाने 1953 मध्ये मोझार्टचे चारही कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केले ते अलेक्झांडरच्याच, पण साध्या एकेरी बी-फ्लॅट हॉर्नवर, आणि त्याआधी 1943 साली संगीतकार बेंजामिन ब्रिटनने त्याच्यासाठी लिहिलेली 'सेरेनेड' ही रचना त्याने एका जुन्या फ्रेंच एफ हॉर्नवर वाजवली. त्याचा सूर दोन्हीकडे वेळेवरच लागत होता. सहा महिन्यांनी आपले किक्सर निम्म्यावर आले आणि तरीही टप् ऐकू येत नसेल, तर स्वतःचा माउथपीस घेऊन माइन्झला जा, एखाद्या सहकाऱ्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे करा, आणि वाद्य आठवडाभर घरी नेता येईल का ते विचारा. तोपर्यंत घराचे पैसे घरासाठीच राहू द्या.

जाता जाता एक. ब्रिटनच्या त्या सेरेनेडची सुरुवात आणि शेवट एकट्या हॉर्नवर, नैसर्गिक अंशांवर आहे, आणि तिथे सातवा व अकरावा स्वर जाणूनबुजून तसेच, न सुधारता वाजवायचे असतात. आईंना फोनवर एकही कळ न दाबता चौथ्यापासून बाराव्यापर्यंतचे सगळे अंश ऐकवा, आणि सातव्याला त्या कोणता निषाद म्हणतात ते मला कळवा.

आपला,
सदरलेखक